चार देशांच्या मधले अण्णा

दुसऱ्याची पत्रं उघडून वाचणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. अण्णा तर नुसतं वाचून थांबत नसत, दुरुस्त करून पुढे पाठवत. आणि या कामाबद्दल एक परदेशी कंपनी त्यांना दरमहा पगार देत होती, वर दिवाळीला मिठाईचा डबा. अर्थात यातलं कंपनीला काही माहीत नव्हतं. मोठ्या कंपन्यांना सहसा नसतंच.

कंपनी कॉफी-मसाल्याची. मुख्य कचेरी लंडनला. एडन, कोलंबो आणि सिंगापूर इथे शाखा, आणि कॉफीची खरेदी सगळी आमच्या बेंगळूरहून. साठ सालाच्या पुढेमागे कंपनीने स्वतःची टेलिप्रिंटरची लाइन भाड्याने घेतली. आता तारघरात रांग लावायची नाही, शब्द मोजून मोजून लिहायचं नाही. आपल्या खोलीत टाइप करावं आणि समुद्रापलीकडच्या खोलीत मशीनने खडखडून ते छापावं, असा थाट. फक्त एक अडचण होती. पश्चिमेची लाइन मुंबईवरून यायची, पूर्वेची मद्रासवरून, आणि दोन्ही जिथे एकमेकींना भेटायच्या ती जागा म्हणजे साउथ परेडवरच्या आमच्या कचेरीतली मागची खोली. भेटायच्या म्हणजे तरी काय? मशीनमधून भोकं पाडलेली कागदी फीत बाहेर यायची. ती फाडायची, कोणाच्या नावाची आहे ते बघायचं, आणि चार पावलं चालून त्या शाखेच्या मशीनमध्ये घालायची. साहेबलोक पाहुण्यांना अभिमानाने सांगत की आमच्या चार शाखा अखंड जोडलेल्या आहेत. त्या अखंड जाळ्याचा मधला तुकडा धोतर नेसून, बंद गळ्याचा कोट घालून, बसवनगुडीहून सायकलवर येत असे.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. वडील अंथरुणाला खिळलेले, दोन बहिणी शाळेत, आणि माझी नोकरी एक वर्ष कच्ची. वर्षभरात चूक झाली नाही तर कायम करू, असं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र आईने देवघरात ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी अण्णांनी माझी परीक्षा घेतली. टायपिंगचा वेग विचारतील म्हणून मी तयारीने गेले होते.

"घर कुठे?"

"चिकपेटेत."

"घरात रोज सारू करता की आमटी?"

मी गोंधळून म्हणाले, "दोन्ही. वडलांना कानडी पद्धतीचं पातळ सारू लागतं, आजीला आपली आमटी."

"सरी, ठीक. म्हणजे मधे राहून जमवून घ्यायची सवय आहे. बस की गं अक्का, ती खुर्ची तुझी."

ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, पण कचेरीतल्या झाडून सगळ्या बायकांना 'अक्का' म्हणत. आणि कचेरी त्यांना अण्णा म्हणे. कॉफी विकणाऱ्या कंपनीत तीस वर्षं काढून या माणसाने कॉफीचा एक घोट घेतला नव्हता. "ती विकायची असते," म्हणत, आणि पितळी तांब्यातलं ताक पीत. मॅनेजरसाहेब नव्या मालाची चव बघायला चार कप पाठवत, तेव्हा अण्णा चारी कपांचा नुसता वास घेऊन ते मला देत. मग "उत्तम, स्वल्प कडवट," असा अभिप्राय लिहीत. तो अभिप्राय दर वेळी तोच असे आणि दर वेळी लंडनला तो पटत असे.

फीत वाचायला त्यांना डोळे लागत नसत. मशीनमधून ती सरकत यायची आणि ते खिडकीबाहेर बघत ती बोटांमधून जाऊ द्यायचे. भोकांवरून त्यांना अक्षरं कळायची. मजकूर चांगला असला तर बोटं चालत राहायची. मध्येच थांबली की मी समजायचे, कोणीतरी कोणाला तरी शिवी दिली.

भिंतीवर चार खुंट्या होत्या, एकेका कचेरीच्या नावाच्या, आणि पुढे जायच्या फिती त्यांवर लटकत. अण्णांच्या लेखी ती जागतिक व्यापाराची व्यवस्था वगैरे नव्हती. ते एक एकत्र कुटुंब होतं आणि त्यातलं एकही माणूस धड नव्हतं.

"लंडन म्हणजे मामंजी," त्यांनी मला समजावून दिलं. "त्यांना उलट बोलायचं नाही. एडन थोरले दीर, डोक्यात राख घालून बसलेले. सिंगापूर जावई, काही करा, समाधान नाही. आणि कोलंबो धाकटी सून. तिला कोणी टाकून बोललं की ती दोन दिवस तोंड उघडत नाही, मग माल अडकतो."

"आणि बेंगळूर?"

"बेंगळूर स्वयंपाकघर. सगळ्यांचं ऐकायचं आणि पान वेळेवर वाढायचं."

त्यांची कामाची पद्धत मला आठवडाभरात कळली. एकदा एडनहून कोलंबोला निरोप आला: 'तुमच्या दालचिनीत साल कमी आणि काड्या जास्त. गोदामात डोळे असलेला एखादा माणूस नेमा. नवीन माल पंधरा तारखेच्या आत पाठवा.' अण्णांनी ती फीत खुंटीवर लावली, ताक प्यायले, आणि कळांपुढे बसून नवी फीत तयार केली: 'दालचिनीत थोड्या काड्या आढळल्या. गोदामात एक माणूस वाढवल्यास उपकार होतील. नवीन माल पंधरा तारखेच्या आत हवा.'

"अण्णा, हे बदललं की तुम्ही!"

"काय बदललं? काड्या ठेवल्या, माणूस ठेवला, तारीख ठेवली. डोळे तेवढे काढले."

त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी मला दहा वेळा सांगितला: टोक मोडायचं, तारीख मोडायची नाही. म्हणजे अपमान गाळायचा, पण कामाचं, वेळेचं आणि नुकसानीचं जे असेल ते अक्षरशः जाऊ द्यायचं. माणसाला काय करायचं आहे ते कळलं पाहिजे. तो किती मूर्ख आहे ते नाही कळलं तरी व्यापार चालतो, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर आमचा व्यापार उत्तम चालत होता.

यात चोरटेपणा मात्र काडीचा नव्हता. आलेल्या निरोपांची एक फाइल, पाठवलेल्यांची दुसरी. दोन्ही तारीखवार लावून, सही करून, दाराजवळच्या उघड्या फळीवर. "लपवायचं काय त्यात?" ते म्हणत. "कोणी विचारलं तर दाखवीन म्हणून बसलोय. कोणी विचारत नाही, तो माझा दोष?" मॅनेजरसाहेब महिन्यातून एकदा त्या फायलींची धूळ बोटाने पाहत आणि समाधानाने परत जात.

नवरात्रात आयुधपूजेला तर लंडनचा संपर्कच तुटे. चारी मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बंद. दार ओढून घेतलेलं. आदल्या दिवशी लंडनला कळवलेलं असे की यंत्रांची वार्षिक देखभाल आहे. लंडनला ही शिस्त फार आवडली होती. इतर शाखांनीही अशी देखभाल करावी असं त्यांनी एकदा परिपत्रक काढलं, आणि मला वाटतं एडनच्या साहेबाने बिचाऱ्याने खरोखरच मशीन उघडून तेल घातलं.

मग त्याच वर्षी शाखांच्या साहेबांची बैठक बेंगळूरला भरली. पत्रापत्रीतून सख्खे झालेले तीन साहेब पहिल्यांदा एकमेकांना भेटणार होते. एडनच्या साहेबाने कोलंबोच्या साहेबासाठी खजुराची पेटी आणली होती. इतकी नम्र भाषा लिहिणाऱ्या गृहस्थाला हात हलवत कसं भेटायचं? आम्ही दोघं चहाच्या निमित्ताने दाराशी उभे होतो. पहिली दहा मिनिटं हास्यविनोदात गेली. पाऊण तासात एडनचे साहेब टेबलावर मूठ आपटत होते, सिंगापूरचे साहेब "मी असल्या माणसाबरोबर काम करत नाही" म्हणून खुर्ची मागे ढकलत होते, आणि कोलंबोचे साहेब खिडकीकडे तोंड करून गप्प बसले होते, ते जेवणापर्यंत बोललेच नाहीत.

मी मनात म्हटलं, आता सगळं बाहेर येणार! पण शहाण्या माणसांची एक गंमत असते, आपण फसलो असू ही शक्यता त्यांना सुचत नाही. संध्याकाळी निघताना एडनचे साहेब मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "कोलंबोवाला समोरासमोर भेटायच्या लायकीचा नाही. पण लिहितो फार छान. आम्ही आपलं लाइनवरच बोलू." बाकीच्या दोघांचं मतही हेच पडलं. लंडनला अहवाल गेला की बैठकीमुळे शाखांमधला स्नेह वाढला. तो मात्र अण्णांनी बदलला नव्हता, मॅनेजरसाहेबांनीच तसा लिहिला होता.

"बघितलंस की अक्का," अण्णा म्हणाले, "मी एकटा नाही या धंद्यात."

इथपर्यंत मी त्यांची गोष्ट हसत सांगू शकते. पुढची माझी आहे.

अण्णांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. समारंभाची तयारी चालली होती. त्या दिवशी ते बायकोला कचेरी दाखवायला आणणार होते. तीस वर्षं तिने नवऱ्याच्या डब्यात ताकाला मीठ घातलं, पण तो करतो काय, हे तिला धड माहीत नव्हतं. "ती म्हणते, परदेशात बोलतो म्हणून सांगता, मग घरी का नाही बोलत? तिला ही मशीनं दाखवतो एकदा." त्यांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की समारंभाची तारीख मलाच पाठ झाली होती. माझं वर्ष पुरं व्हायलाही तेव्हा तीन आठवडेच राहिले होते.

भाचीच्या लग्नाला ते दोन दिवस म्हैसूरला गेले आणि खोली माझ्या हातात आली. तोवर मला फीत बोटांनी वाचता यायला लागली होती. टोकं मोडण्यात तर मी स्वतःला अण्णांच्या वरताण समजत होते. त्याच दुपारी सिंगापूरहून कोलंबोला निरोप आला: 'तुमच्या सबबी ऐकून कंटाळलो. दालचिनी शनिवारच्या जहाजावर चढली नाही तर सौदा रद्द आणि मी दुसरीकडून घेतो.'

मी ताक न पिताच कळांपुढे बसले. सबबी काढल्या, कंटाळा काढला. 'दुसरीकडून घेतो' हे मला फारच उद्धट वाटलं. जावयाने असं बोलावं? तेही काढलं, आणि त्याच्याबरोबर सौदा रद्दही गेलं. मी पाठवलं ते असं: 'दालचिनी शनिवारच्या जहाजावर चढवता आली तर फार बरं होईल.' वाचून मला स्वतःचं कौतुक वाटलं. दोन्ही कागद मी आपापल्या फायलीला लावले, अण्णांनी शिकवलं होतं तसे.

कोलंबोच्या साहेबांना वाटलं, शनिवार नाही तर पुढचा शनिवार. सिंगापूरने सौदा मोडला. दुसरीकडून माल येईपर्यंत त्यांचं जुनं गिऱ्हाईक कायमचं गेलं.

अण्णा परत आले, फाइल उघडली, वाचली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तारीख ठेवलीस की," एवढंच म्हणाले. मग फाइल मिटत म्हणाले, "पण ती चुकली तर काय होणार, ते काढलंस. ते टोक नव्हे गं. ते त्यांना कळायला हवं होतं." आणि माझ्यासमोर तांब्या सरकवला. मला ताक आवडत नसे. मी प्यायले.

पंधरा दिवसांनी लंडनचा निरोप आला. सिंगापूरने आपण काय पाठवलं त्याची प्रत टपालाने लंडनला धाडली होती, कोलंबोने आपल्याला काय मिळालं त्याची. दोन्हींत फरक आहे. मधल्या खोलीत हे कोणी केलं आणि का, आज संध्याकाळच्या आत कळवा. मॅनेजरसाहेबांनी निरोप तीन वेळा वाचला, घाम पुसला आणि मला आत बोलावलं.

"त्या खोलीत दोनच माणसं आहेत," ते म्हणाले. "त्यांना एक नाव लागेल. तुम्ही खुलासा तयार करा. मी सही करतो. मला फार काही सांगू नका."

मी खुलासा तयार केला. लबाडीत मी आता तरबेज झाले होते. लिहिलं की मद्रासपुढची लाइन त्या दिवशी खराब होती, मध्येच शब्द गळत होते, त्यामुळे मजकूर तुटक गेला असावा; कोणाचाही दोष नाही. हे पटण्यासारखं होतं, लाइन अधूनमधून खराब होतच असे. अण्णांची निवृत्ती सुखरूप, माझी नोकरी सुखरूप. साहेबांनी न वाचता सही केली आणि मी फीत अण्णांच्या हातात दिली, कारण लंडनचं मशीन त्यांचं.

ते खिडकीबाहेर बघत फीत बोटांतून सोडू लागले. बोटं थांबली.

"लाइन खराब होती?"

"हो म्हणायचं, अण्णा. कोण बघायला जातंय?"

"मद्रासला तो लाइनवर बसणारा आहे की. त्याला विचारतील. त्याचीही दोन पोरं शाळेत असतील." त्यांनी फीत फाडली, अगदी सावकाश, आणि टोपलीत टाकली. "आणि शब्द गळत नाहीत गं. मी काढत होतो."

ते कळांपुढे बसले. वर्षभरात त्यांना इतकं भराभर टाइप करताना मी पाहिलं नव्हतं. एरवी प्रत्येक शब्दापाशी थांबणारा माणूस, त्या दिवशी एकदाही थांबला नाही. फीत मशीनमध्ये घातली, खडखड झाली, निरोप गेला. मग छापील प्रत त्यांनी नेहमीसारखी सही करून फाइलला लावली आणि मी ती वाचली.

त्यात मऊ असं एक अक्षर नव्हतं. 'शाखांचे निरोप या खोलीत मी बदलतो. लाइन सुरू झाल्यापासून बदलत आलो. परवानगी कोणाची नव्हती, मागितलीही नाही. सिंगापूरचा निरोप बदलला तो माझा निर्णय, त्यातून झालेलं नुकसान माझं.' आणि शेवटी एक ओळ: 'सहायक त्या दिवशी रजेवर होती. तिला याची कल्पना नाही.'

रजेवर ते होते. म्हैसूरला होते, लग्नात पंगत वाढत होते. अर्ध्या बसवनगुडीने त्यांना तिथे पाहिलं होतं. मॅनेजरसाहेबांनी प्रत वाचली, हजेरीचं पुस्तक मागवलं, ते पान उघडलं, मिटलं, आणि पुस्तक कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. या माणसाला आयुष्यभर मी भित्रा म्हणत आले. त्या दिवशी त्या खोलीत भित्रं कोण होतं ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी लंडन उघडायच्या वेळेला, म्हणजे आमच्या दुपारी, उत्तर आलं. अण्णांनी आपण होऊन हात मागे घेतला. "तू वाच. यापुढे हे मशीनही तुझंच."

मी फीत बोटांतून घेतली. संबंधित गृहस्थांची सेवा आजपासून समाप्त, समारंभ रद्द, त्यांनी पुन्हा खोलीत पाऊल ठेवू नये. सहायिकेला कायम करून खोलीचा ताबा तिला द्यावा.

"मोठ्याने वाच की गं."

मी वाचलं. एक शब्द गाळला नाही. गाळता आला असता, पण त्यांच्या बोटांना ते कळलं असतं.

"छान," अण्णा म्हणाले. "तारीखही आहे, कारणही आहे. मामंजींनी चांगलं लिहिलंय." त्यांनी कोट घातला, चारी खुंट्यांवरच्या फिती एकदा तपासल्या, कोलंबोच्या खुंटीवर सिंगापूरची एक वर होती ती खाली केली आणि एडनची तिच्यावर लावली. "कायम झालीस ना? आईला सांग जा. सरी, येतो."

सायकलची घंटी खाली अंगणात वाजेपर्यंत मी उभीच होते. समोर लंडनचं मशीन सुरू होतं. कळांपुढे बसून 'चूक माझी होती' एवढंच टाइप करायचं होतं, तीन शब्द. लाइन त्या दिवशी अगदी स्वच्छ होती. मी खुर्ची पुढे ओढली, आणि एडनची फीत उचलून कोलंबोच्या मशीनमध्ये घातली.